माझ्यातले मेण काढू नका

मी एक जुनी पिचकारी आहे, मित्रांनो. रंगपंचमीची नव्हे, तेवढे माझे भाग्य कुठले! मी दवाखान्यातली, काचेची. यवतमाळला डॉक्टर बेबीताईंच्या टेबलावर एका पांढऱ्या बशीत मी पडून असते. माझ्या नळीवर ४१७ हा आकडा कोरलेला आहे आणि तोच आकडा माझ्या दट्ट्यावरही आहे. आम्हा काचेच्या पिचकाऱ्यांचे असेच असते. नळी आणि दट्ट्या जोडीने घासून घडवतात, एकीचा दट्ट्या दुसरीला बसत नाही. माझा तर आता मलाही धड बसत नाही. तो निम्म्यावर अडकला आहे आणि त्याच्यापुढे पिवळट मेणाचा बोळा घट्ट चिकटला आहे. येणारेजाणारे विचारतात, ही खराब पिचकारी टाकून का देत नाही? ते ऐकले की मला तोंड लपवावेसे वाटते. पण काचेला तोंड लपवता येत नाही, आतले सगळे बाहेरून दिसते.

आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण बढाईच मारतात. माझ्यापाशीही थोडी बढाई आहे. ती आधी उरकून घेते, म्हणजे लाजेची गोष्ट सांगायला मोकळी होईन.

माझा जन्म भट्टीतला. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात मला फुंकले, कापले, आतून घासून गुळगुळीत केले, बाहेरून आकडे कोरले. मऊ कापडाच्या पेटीत दोन सुयांसह झोपवून १९५६ च्या उन्हाळ्यात मला दारव्ह्याला आणले. पेटी उघडली ती डॉक्टर वामनरावांनी. जाड भिंगाचा चष्मा आणि नाकावर राग, असे ते गृहस्थ होते. त्यांनी मला उजेडात धरले, दट्ट्या दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाले, "बरी आहे." त्यांच्या तोंडून एवढे निघाले म्हणजे खूप झाले, हे मला पुढे कळले.

वामनरावांचे दोन नियम होते. पहिला उकळण्याचा. रोज सकाळी स्टो पेटायचा, पातेल्यात पाणी खळखळायचे आणि मी माझ्या सुयांसह त्यात घड्याळ लावून वीस मिनिटे नाचायची. प्रत्येक रोग्यानंतर पुन्हा तेच. मी मनातून वैतागायची. आज ते वीस मिनिटांचे पाणी आठवले की जीव तळमळतो.

दुसरा नियम वाचून दाखवण्याचा. औषध ओढण्याआधी वामनराव बाटली रोग्याच्या डोळ्यांसमोर धरत आणि तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचत. मग सांगत, याने काय होईल, काय दुखेल, कुणाकुणाला काय त्रास होतो आणि तसे झाले तर किती वेळात परत यायचे. रोग्याला अक्षर येते की नाही, हे ते बघत नसत. त्यांचे ते पारायण ऐकून बाकावरची माणसे गालात हसत.

एकदा एक म्हातारा म्हणालाच, "मले वाचून काहून दाखवता, डाक्तर? मले काय समजते त्याच्यातलं?"

"अंग तुझं आहे, माझं नाही," वामनराव त्याच्यावर खेकसले. "ऐकून घे."

त्याच बाकावर १९५७ च्या हिवाळ्यात इंदूबाई बसली होती. दारव्ह्यापासून चार कोसांवरच्या एका गावची, चाळिशीची, कणखर बाई. तिच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस मी तिला पेनिसिलिन दिले आणि आठव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी चालत आली. त्याच सुमारास तिच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव, नवस, गंडे, अंगारे, सगळे त्यांनी नदीला नेऊन सोडले होते. इंदूबाई वामनरावांना अभिमानाने म्हणाली, "आता आमी अंगारा सोडला, डाक्तर. आता आमाले दवाखाना."

"सोडला ते बरं केलं," वामनराव म्हणाले. "पण दवाखान्यालाही विचारत जा."

इंदूबाई हसली. मीही हसले. आम्हा दोघींना वाटले, म्हातारा नेहमीप्रमाणे कुरकुरतो आहे.

मित्रांनो, माझी बढाई इथे संपली.

पुढच्या वर्षी वामनरावांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले. त्यांची मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. दवाखान्यातले सामान उरले ते त्यांच्या कंपाउंडरच्या हाती. त्याचे नाव विठ्ठलराव. पंधरा वर्षे त्याने औषधे घोटली होती. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याचा हात हलका होता, बोलणे गोड होते, रोग्याला परत पाठवणे त्याच्या जिवावर येई. लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. सुरुवातीला तो लाजून "नाही, नाही" म्हणायचा. मग नुसताच लाजायचा. मग लाजणेही थांबले.

माझी वीस मिनिटे दहावर आली. दहाची पाच झाली. पुढे तर गरम पाण्याने विसळून पुसले की झाले. वाचून दाखवणे पहिल्याच महिन्यात बंद पडले, कारण गर्दी असते. आणि मला काय वाटले म्हणता? मला बरे वाटले! उकळणे नाही, पारायण नाही, लवकर काम, लवकर नाव. माझ्या लाजेची सुरुवात तिथून झाली.

मग एक फिरता औषधवाला आला. त्याच्या पेटीत एक तपकिरी बाटली होती. बूच होते, पण कागद चिकटवलेला नव्हता. "मेणाचं तेल आहे," तो विठ्ठलरावाच्या कानाशी लागला. "गरम केलं की पातळ, आत गेलं की घट्ट. बायांची छाती भरते, कायमची. मोठ्या शहरांत हेच चाललं आहे." त्या वर्षी जत्रेला तमाशाचा फड आला होता. त्यातल्या दोन नाचणाऱ्या बायका मागच्या खोलीत आल्या. फडाच्या मालकाने त्यांना अंगावरून टाकून बोलले होते. पोटाचा प्रश्न होता. विठ्ठलरावाने बाटली गरम पाण्यात ठेवली आणि मेण माझ्यातून त्यांच्या अंगात गेले. आठवड्याने दोघी हसत आल्या, त्याच्या पाया पडल्या आणि फडाबरोबर पुसदकडे निघून गेल्या. पुढे त्यांचे काय झाले ते विठ्ठलरावाला माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यायचेही नव्हते. तक्रार आली नाही म्हणजे गुण आला, असे त्याने धरून घेतले. जो फड महिन्याला गाव बदलतो, त्यातली बाई तक्रार घेऊन परत येणार कशी, एवढा साधा विचार त्याने केला नाही. मीही केला नाही.

आता कौसल्येकडे येते. सगळ्यांत जड तेच आहे.

कौसल्या म्हणजे इंदूबाईची सून, भीमराजची बायको. वय जेमतेम वीस. १९५९ च्या डिसेंबरात, कापसाच्या ऐन वेचणीत, तिला पहिली मुलगी झाली. नाव ठेवले सुजाता. मूल तीन आठवड्यांचे झाले, तरी आईला पुरेसे दूध येईना. पोर रडून रडून निळी पडे. शेजारणीने इंदूबाईच्या कानात हळूच सांगितले, देवीचा अंगारा लाव, कुणाला सांगू नको. इंदूबाई उसळली. "नाई! अंगारा सोडला तो सोडला. कौसल्ये, दारव्ह्याले जाय. सुई घे."

वारा बोचरा होता म्हणून पोर आजीजवळ राहिली. भीमराज कापसाची बैलबंडी घेऊन बाजाराला निघाला होता, त्याने बायकोला दवाखान्यापाशी उतरवले आणि पुढे गेला. कौसल्या एकटीच मागच्या दाराने आत आली. कडेवर मूल नाही, बरोबर बाईमाणूस नाही. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा घोटाळा एका शब्दाने झाला.

त्या भागातल्या बायका परक्या पुरुषासमोर दुधाचे नाव घेत नसत. ते अंगाच्या नावाइतकेच लाजेचे. आडून बोलायची एक रीत होती: 'भरत नाही'. विहिरीवर कुणी बाळंतीण 'भरत नाही वं' म्हणाली की साऱ्या बायकांना कळायचे. पुरुषांना तो शब्द कोण शिकवणार?

"काय होते, बाई?" विठ्ठलरावाने विचारले.

कौसल्या जमिनीकडे बघत म्हणाली, "छाती भरत नाई, डाक्तर."

विठ्ठलरावानेही मान खाली घातली. तोही लाजला होता. त्याच्या डोळ्यांपुढे तमाशातल्या त्या दोघी आल्या आणि ती तपकिरी बाटली आली. बाळंत आहेस का, मूल केवढे आहे, कधीपासून, यातले काही त्याने विचारले नाही. "असते कोनाकोनाचं," तो म्हणाला. "हाय माह्यापाशी सुई."

"लवकर भरन ना?" कौसल्येने विचारले. "घरी जीव टांगनीले लागला हाय."

"आठ दिसांत भरन."

तिने जीव म्हटला तो पोरीचा. त्याला वाटले, नवरा, सासू टोचून बोलत असतील. दोघे एकमेकांशी बोलत होते आणि दोघांनीही एकमेकांचे ऐकले नव्हते.

बाटली गरम पाण्यातून निघाली. कौसल्येने तिच्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले, जणू 'हे काय हाय?' एवढेच विचारायचे होते. पण तिला वाटले, शिकलेल्या माणसाला अडाण्याने काय विचारावे? ती गप्प बसली. बाटली वाचून दाखवायला वामनराव नव्हते आणि वाचण्यासारखे तिच्यावर काही नव्हतेही. मी काचेची वस्तू, माझा दट्ट्या तेव्हाच का अडकला नाही? तो नेमका दोन मिनिटांनी अडकला. जिथे दूध बनायचे तिथे मी मेण सोडले. कौसल्येने पदराचा बोळा तोंडात धरला आणि हूं की चूं केले नाही.

एक बाजू झाली. "दुसरी फुडच्या बाजारी," विठ्ठलराव म्हणाला. तेवढ्यात बाहेरून भीमराजने हाक मारली, पुढच्या दारी आणखी कुणी आले आणि मी तशीच बशीत राहिले. हिवाळ्याचे दिवस. माझ्यात उरलेले मेण गोठले. दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावाने मला कोमट पाण्यात धरले, ओढले, पिळले, पण दट्ट्या हलेना. "चांगली काच हाय, पाहू फुडं," असे म्हणून त्याने मला कपाटाच्या मागच्या कप्प्यात सारले. तिथे मी सहा वर्षे अंधारात होते.

त्या सहा वर्षांत घरी काय झाले, ते मला पुढे कौसल्येच्याच तोंडून समजले. बेबीताईंच्या टेबलावर पडल्या पडल्या मी ते ऐकले.

दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. टोचलेली बाजू सुजून टम्म झाली. इंदूबाईने वरून पाहिले आणि आनंदाने म्हणाली, "भरली वं, पोरी!" पण त्या बाजूने थेंब निघेना. शेवटी गावची सुईण तुळसाबाई आली. तिने सुईचे विचारलेच नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या बाजूनं लेकरू लावत राह्य. घडीघडी लाव. तुह्या पोटात काही नाई, तं तुह्या लेकराच्या पोटात कोठून येईन? आंदी तू जेव." चार दिवसांत दुसऱ्या बाजूला दूध उतरले. सुजाता पोटभर प्यायली, झोपली आणि सारे घर म्हणाले, सुईचा गुण आला!

मित्रांनो, खोटी वाहवा कशी बोचते ते माझ्यासारख्या वस्तूला विचारा. तुळसाबाईच्या शहाणपणाचे श्रेय मला मिळाले. आणि त्या श्रेयाने कौसल्येचे तोंड बंद केले. ज्या सुईने लेकरू वाचवले असे सगळे म्हणतात, त्याच सुईची तक्रार कशी करायची? सुजलेली बाजू हळूहळू उतरली, पण आत लिंबाएवढी एक गाठ राहिली. वर्षभराने ती वाढली. दगडासारखी कडक झाली. वरची कातडी आधी लाल, मग जांभळी पडली. कापूस वेचताना कमरेपासून वर बांधलेली ओटी भरत आली की तिथे घासे आणि डोळ्यांत पाणी येई. कौसल्या कुणाला बोलली नाही. भीमराजकडे ती पाठ करून निजे. त्याला वाटे, ही रुसली आहे. बिचारा बाजारातून बांगड्या आणायचा. सुजाता धावत येऊन गळ्यात पडायला बघे, तेव्हा आई तिला हाताने अडवायची. पोरीला वाटे, आईला आपण नको आहोत. एका गाठीने घरातल्या तिघांना असे दूर लोटले होते.

१९६५ च्या कार्तिकात गाठ फुटली. कौसल्या जखमेत सरकी काढलेला कापूस भरून वर घट्ट कापड बांधू लागली. ते कापड ती कुंपणाआड वाळत घाली. एके सकाळी ते इंदूबाईच्या हाती लागले. तिने सुनेला न्हाणीत नेले आणि पदर बाजूला केला.

"किती दिस झाले?"

"सा वर्षं."

"सा वर्षं! अन् बोलली काहून नाई वं?"

"लाज वाटे, आत्याबाई."

इंदूबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सुनेला यवतमाळला आणले. डॉक्टर बेबीताईंनी तपासले. काखेतही गाठी हाताला लागत होत्या. बेबीताईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी विचारले, "इथे पूर्वी काही टोचलं होतं का?"

"सुई घेतलती," कौसल्या म्हणाली.

"कशाची?"

सासूने सुनेकडे पाहिले, सुनेने सासूकडे. दोघींनाही ठाऊक नव्हते.

बेबीताईंनी दोघींना समोर बसवले आणि काही न लपवता सांगितले. ही गाठ कर्करोगाची असू शकते. तसे असेल तर नुसता स्तन काढून भागणार नाही. छातीचे स्नायू आणि काखही कोरून काढावी लागेल, मग तो हात पूर्वीसारखा उचलता येणार नाही. ही गाठ आत टोचलेल्या कशाची तरी असेल तर एवढे कापायची गरज नाही. तुकडा तपासायला नागपूरला पाठवता येईल, पण उत्तर यायला दिवस लागतात आणि जखम चिघळते आहे, थांबणे जिवावर बेतेल. "तेव्हा काय टोचलं होतं ते मला कळायला हवं," त्या म्हणाल्या. "मी अंदाजाने तिचा हात घालवू का?"

कौसल्येच्या हातावर घर चालत होते. वेचणी, निंदणी, दळण, सगळे त्याच हाताने. इंदूबाई उठली. सुनेला तिथेच ठेवून तिने थेट दारव्हा गाठला.

बाजाराचा दिवस होता. दवाखाना माणसांनी फुलला होता. कपाटातून मला एवढेच ऐकू आले की कुणीतरी बाई दारात उभी राहून चढ्या आवाजात विचारते आहे, "डाक्तर, सा वर्षांमागं माह्या सुनेले सुई देल्ली. त्या सुईत काय होतं?"

विठ्ठलराव चपापला. "काकू, अंदर या. असं चारचौघांत नका बोलू."

"अंदर येऊनच तं घोटाळा झाला. अथीच सांगा. वामनराव डाक्तर बाटली वाचून दाखवत. तुमी दाखवा वाचून."

बाकावरची माणसे वळून बघू लागली. विठ्ठलरावाने आधी हात वर केले. आठवत नाही म्हणाला, मग ताकदीची सुई होती म्हणाला. इंदूबाई जागची हलेना. "माही सून तथी पडून हाय. डाक्तरीनबाई म्हनते, कायची सुई ते समजल्याबिगर हात वाचत नाई. खोटं बोलान तं तिच्या हातावर तुमी सुरी चालवान."

मग विठ्ठलराव मान खाली घालून म्हणाला, "मेन होतं. तमाशातल्या दोघींले देल्लं होतं, तेच. छाती भरत नाई म्हने ते. मले वाटलं..."

"दूध!" इंदूबाई ओरडली. भरल्या दवाखान्यात, पुरुषांसमोर, तिने तो शब्द उच्चारला. "दूध भरत नोतं, डाक्तर! तीन हप्त्याचं लेकरू होतं घरी!"

विठ्ठलरावाचे तोंड पांढरेफटक पडले. तो कपाटाशी आला, मागच्या कप्प्यात हात घातला आणि मला बाहेर काढले. सहा वर्षांनी मला उजेड दिसला आणि पहिल्यांदा दिसले ते इंदूबाईचे डोळे. आठ दिवस पेनिसिलिन देताना याच डोळ्यांनी तिने माझ्याकडे मायेने पाहिले होते. तिने मला ओळखले. लुगड्याच्या पदरात मला गुंडाळले आणि निघाली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर मला दगडावर आपटले असते. मलाही ते बरे वाटले असते.

बेबीताईंनी माझ्या तोंडाशी अडकलेले मेण कोरले, काडीवर धरून तापवले, वितळले तेव्हा वास घेतला. "मेणच आहे," त्या म्हणाल्या. "गाठीत दुसरं काही नाही, अशी खात्री मी आत्ता देत नाही. पण आता मला हात राखून शस्त्रक्रिया करता येईल." त्यांनी स्तन काढला. आत सगळीकडे मेण मुरले होते, वेगळे करता येण्यासारखे काही उरले नव्हते. स्नायू आणि काख त्यांनी राखली. बारा दिवसांनी नागपूरहून कागद आला. मेण होते, कर्करोग नव्हता.

त्या दिवशी कौसल्या पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. इंदूबाई खाटेशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अंगारा सोडला अन् सुई धरली. अंगाऱ्याले कोनी इचारत नाई, तू कायचा हाय म्हून. मी सुईलेबी नाई इचारलं. मंग मी सोडलं काय, कौसल्ये?"

वर्षभराने कौसल्या तपासायला आली. जखम चांगली भरली होती. तिने चोळीला आतून खिसा शिवला होता आणि स्वतः वेचलेल्या कापसाची एक गादी करून त्यात घातली होती. सुजाता आता दोन्ही हात टाकून तिच्या गळ्यात पडत होती आणि भीमराजला बांगड्या आणायचे कारण उरले नव्हते, तरी तो आणत होता. बेबीताईंनी मासिकात वाचलेले तिला सांगितले, की परदेशात आता रबरासारख्या मऊ पदार्थाची बंद पिशवी आत बसवतात.

पूर्वीची कौसल्या असती तर नुसती मान हलवली असती. ही नीट सरसावून बसली. "त्या थैलीत काय असते?"

बेबीताईंनी सांगितले.

"फुटली तं?"

"फुटू शकते. मग पुन्हा कापून काढावी लागेल."

"माह्या गाठीसारखी कडक होते काय?"

"काहींची भोवतालून कडक होते, असं लिहिलं आहे."

"अन् धा वर्षांनी काय होते?"

बेबीताई म्हणाल्या, "ते कुणालाच माहीत नाही, कौसल्या. कारण ती बसवायला लागून अजून दहा वर्षं झालीच नाहीत."

मला त्या उत्तराचा फार आदर वाटला. माहीत नाही, हे पुटपुटत नव्हे तर तोंड भरून सांगणारे डॉक्टर मी दोनच पाहिले. कौसल्या विचार करून म्हणाली, "जिले लागन तिनं घ्याव, बाई. त्यात काही पाप नाई. पन सारं इचारून घ्याव, अन् घेतल्यावर दाखवत राह्याव. मले माहा कापूसच पुरते."

जाताना तिने एक गोष्ट केली. विठ्ठलराव तेव्हा सुया देणे सोडून बसला होता. तिने त्याला निरोप पाठवला, त्या तमाशातल्या दोघींचा पत्ता द्या. त्याच्याकडे नव्हता. त्यांची नावेही त्याने कधी विचारली नव्हती. मलाही ती ठाऊक नाहीत. माझ्यातून गेलेले मेण त्या दोघींच्या अंगात आज कुठे आणि कसे आहे, हा प्रश्न मला या बशीत रोज छळतो.

आता १९६८ साल आहे. दर बाजाराच्या आदल्या दिवशी कौसल्या येते आणि ओसरीत बाळंतिणींमध्ये बसते. मला बशीतून उचलते आणि हातोहात फिरवते. मागच्या खेपेला एक कोवळी पोर तिच्याजवळ सरकली आणि पदरात तोंड घालून म्हणाली, "मावशी, माही भरत नाई."

"काय भरत नाई?" कौसल्येने विचारले.

पोर लाजली. कौसल्येने मला तिच्या तळहातावर ठेवले. "हे पाह्य. मी नाव नाई घेतलं म्हून याच्यातलं मेन माह्या अंगात गेलं. नाव घे, बाई."

पोरीने माझ्यातल्या पिवळ्या बोळ्याकडे पाहिले. मग मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "दूध. मले दूध येत नाई."

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, धुवा, जपा. माझी विनवणी उलटी आहे. दवाखान्यात नवी परिचारिका आली की ती मला उकळायला उचलते. तिचा हात धरा. उकळायची वेळ होती तेव्हा मला कुणी उकळले नाही, आता उकळून काय उपयोग? माझ्यातले मेण काढू नका. मला लाज वाटू द्या. माझ्याकडे पाहून एखादी जरी बाई सुई टोचण्याआधी म्हणाली, "थांबा, याच्यात काय हाय?", तर तेवढ्यापुरती तरी मी पुन्हा दवाखान्याची वस्तू होईन.